भाग चौदामधलं बाळ

यंदाही खजुराच्या घडांवर जाळ्या चढल्या आणि मला आतून ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. इथे आखातात, अझीझियातल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना खजुराची झाडं आहेत. उन्हाळा भरात आला की माणसं शिड्या लावून एकेका घडाला जाळी बांधतात, म्हणजे पिकलेली फळं फुटपाथवर सांडत नाहीत. मग हवेत दमटपणा येतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि आपण आंधळ्यासारखे गाडीची किल्ली चाचपत उभे राहतो. घरात गीझर बंद करतात, कारण गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चटका देतं आणि बंद गीझरमधलं त्यातल्या त्यात गार असतं. नाशिकला आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमचं सगळंच उलटं. या दिवसांत इतरांना आमरस आठवतो, विमानाची तिकिटं आठवतात. मला भाग चौदा आठवतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात भारतात जाणं रद्द झालं होतं. माझा नवरा प्रशांत गॅसच्या प्लांटवर इंजिनियर. तिथे दुरुस्तीसाठी शटडाऊन निघालं आणि सगळ्यांच्या रजा कापल्या गेल्या. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. एका मराठी ऑडिओ ॲपसाठी मी चाळीस भागांची कादंबरी लिहायला घेतली होती, कानात घालून ऐकायची. काळ दोनशे वर्षांपूर्वीचा, इंग्लंडमधला, ज्याला रीजन्सी म्हणतात तो. म्हातारा राजा भ्रमिष्ट झाला म्हणून त्याच्या मुलाने कारभार पाहिला, ती नऊ-दहा वर्षं. पुण्यात तेव्हा पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती. मराठी श्रोत्यांना स्वतःचं सोडून तिकडच्या बग्ग्या आणि नाचाचे दिवाणखाने का हवे होते ते मला विचारू नका. हवे होते खरे.

पडदे ओढून, एसी बावीसवर ठेवून मी दिवसभर वाचत बसायचे. जुनी पुस्तकं, स्कॅन केलेली वर्तमानपत्रं, कुणाकुणाच्या डायऱ्या. नाचाचे दिवाणखाने दोन दिवसांत संपले. मग मी जिन्याखालच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरले आणि तिथेच रमले. श्रीमंतांच्या कवळ्यांत लढाईत मेलेल्या सैनिकांचे दात बसवलेले असत. ताजं प्रेत डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना विकता येई, म्हणून लोक रात्र रात्र आपल्या माणसाच्या कबरीवर पहारा देत. गळ्यात दोरी बांधून बायकोला बाजारात उभी केल्याची, बोली लावून विकल्याची हकिगत मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा प्रशांतला जेवताना वाचून दाखवली. त्याने हातातला घास खाली ठेवला. मी मात्र वरणभात कालवत होते. आता लाज वाटते ती याची, की मला त्या सगळ्यात मजा येत होती. प्रत्येक भयंकर गोष्ट सापडली की मी वहीत लिहून घ्यायचे आणि शेजारी चांदणी काढायचे.

कादंबरीचा संपादक मिहिर पुण्याला होता. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण फोनवर बोलायचा ते माझा काका असल्यासारखा. दहाव्या भागानंतर लोक गळतायत, म्हणाला. ताई, तुमचा रिसर्च एकदम डीप आहे, पण माहिती नको आहे लोकांना, रडायला पाहिजे. डार्क द्या. मी म्हटलं, देते. तशी एक बाई माझ्या मनात घोळत होती. साहेबांच्या मुलांना सांभाळायला हिंदुस्तानातून आया बोटीने विलायतेला नेत आणि काम संपलं की कित्येकींना तिथेच लंडनच्या रस्त्यावर सोडून देत. मला तशीच एक हवी होती, पण दूध पाजणारी दाई. स्वतःचं तान्हं मूल मागे ठेवून साहेबाच्या बाळाला अंगावर पाजत निघालेली. बोट, वादळ, धुकं सगळं तयार होतं. बाई काही उभी राहत नव्हती.

आणि ती माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

सत्यवती आमच्याकडे दोन वर्षांपासून कामाला होती. गोदावरीकाठच्या एका गावची, तिशीच्या आतबाहेरची. लग्नाआधी कुवेतला काम केलेलं, त्यामुळे हिंदी मोडकी पण धाडसी, मध्येच खलास, यल्ला असे अरबी शब्द पेरलेली. स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत राहायची. पासपोर्ट तिचा तिच्याजवळ, शुक्रवारी सुट्टी, हवा तेव्हा फोन. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला चांगल्या मॅडममध्ये धरत होते. तिला घरी एक मुलगा आहे हे मला ठाऊक होतं. दुपारी ती व्हिडिओ कॉल लावायची, कधी फोन साखरेच्या डब्याला टेकवून भाजी चिरता चिरता बोलायची. मुलगा पडद्यावर कमी आणि छताचा पंखाच जास्त दिसायचा. त्याला ती 'बाबू' म्हणायची, म्हणून मीही 'बाबू कैसा है' विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता खोलीत जायचे.

इथल्या केरळी दुकानात गुरुवारी विमानाने मोगऱ्याचे गजरे येतात, केळीच्या पानात गुंडाळलेले. एकदा मी दोन घेतले, एक माझी नऊ वर्षांची मुलगी ईरा हिच्यासाठी आणि एक सत्यवतीला. तिने हात मागे घेतला. मला वाटलं संकोच करतेय, म्हणून मी पुढे सरकून तिच्या केसांत माळायला लागले. ती सरळ दोन पावलं मागे गेली आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, तिने सांगितलं.

बाबू पाच महिन्यांचा असताना ती इथे यायला निघाली. नवऱ्याचा पाय मोडला होता, घर चालायचं कसं. निघायच्या आधी दूध तोडायला हवं होतं. तिच्या सासूने मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा करून छातीवर करकचून बांधल्या, रोज नव्या. त्यांच्याकडे तसं करतात, कळ्यांनी दूध आटतं. तीन दिवस मूल शेजारच्या खोलीत रडत होतं आणि तिच्या अंगाला लग्नघरासारखा वास येत होता. तरी विमानात ब्लाउज भिजलाच. शेजारच्या माणसाने काही न बोलता आपली चादर तिच्या अंगावर टाकली. हे सगळं तिने कणकेचा गोळा पुढ्यात घेऊन सांगितलं, रडली नाही. ईरा आपला गजरा हातात घेऊन शेजारीच ऐकत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगते, हात खांद्यावर होता आणि मन वहीकडे धावत होतं.

खोलीत जाऊन मी दार लावलं आणि उभ्या उभ्याच लिहून काढलं. कळ्या, करकचून, लग्नघराचा वास, चादर. शेजारी चांदणी काढली. मग थोड्या वेळाने, ती भांडी लावत असताना, मी पुन्हा गेले आणि अगदी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, की कळ्या सुकल्या की टोचतात का? दुखतं ते कुठपर्यंत दुखतं? ती भाबडेपणाने उत्तरं देत गेली. तिला वाटलं मॅडमना काळजी आहे.

भाग चौदा मी एका बैठकीत लिहिला. माझी दाई लंडनच्या हवेलीत आहे. साहेबाचं बाळ अन्न खायला लागलंय, तिचं दूध आता नकोय. हवेलीच्या काचघरात मोगरा लावलेला आहे, ती कळ्या चोरते आणि छातीवर बांधते. इथपर्यंत सत्यवतीचं होतं. पुढचं माझं. मिहिरला डार्क हवं होतं आणि मला मिहिरची शाबासकी. त्याच क्षणी सात समुद्रांपलीकडे तिचं मागे राहिलेलं बाळ तापाने जातं आणि तिला ते कधीच कळत नाही. ती रोज त्याच्याशी बोलत राहते. शेवटचं वाक्य लिहून मीच रडले आणि रडू आलं म्हणजे चांगलं जमलं, असं म्हणून चहा टाकायला गेले. चहा सत्यवतीने केला.

भाग कानोकानी गेला. संभाजीनगरहून, सांगलीहून, अमेरिकेतून बायकांचे मेसेज आले. आपण स्वयंपाक थांबवून रडलो, असं एकीने लिहिलं होतं. मिहिर म्हणाला, ताई, हे मोगऱ्याचं कुठून काढलंत? मी म्हटलं, एका जुन्या डॉक्टरच्या कागदपत्रांत मिळालं. किती सहज बोलून गेले. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात उपटणाऱ्यांची नावंसुद्धा मी टिपून ठेवली होती, आणि दहा फुटांवरच्या बाईचं श्रेय एका नसलेल्या डॉक्टरला देऊन टाकलं.

श्रावण लागला. कालपरवाच मी यंदाचा जिवतीचा कागद फ्रिजशेजारच्या भिंतीला टेपने चिकटवला. तो दरवर्षी आई नाशिकहून कुणाच्या तरी बॅगेत, साड्यांच्या घडीत घालून पाठवते. मांडीवर, खांद्यावर पोरं घेतलेली जिवती. टेप दमटपणाने सुटते, कागद सारखा खाली येतो, पुन्हा लावावा लागतो. त्या वर्षीही असाच येत होता.

श्रावणातला शुक्रवार इथे नेमका सुट्टीचा. त्या वर्षी मी हळदीकुंकू ठेवलं होतं. आठ जणी आल्या, अल रय्यानहून, मन्सूराहून, कुणी मुलांना घेऊन. पुरणाचे दिवे, फुटाणे, केशर घातलेलं दूध. सत्यवतीने सुट्टी असून मदत केली, मीच गळ घातली होती. आपापल्या मुलांना पाटावर बसवून सगळ्यांनी ओवाळलं. आमच्यातल्या देशपांडेकाकूंचा मुलगा कॅनडात शिकायला. परगावी असलेल्या मुलांसाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात. काकूंनी विचारलं, अगं, तुझ्याकडे पूर्व कुठे? मला सांगता येईना. ईराने फोनवरचं होकायंत्र लावून दिलं. काकूंनी मुलाचं नाव घेऊन चारी दिशांना अक्षता टाकल्या, काही सोफ्यावर पडल्या, काही एसीवर. सत्यवती दुधाचे पेले घेऊन दारात थांबली होती. तिने ईराला हळूच काहीतरी विचारलं आणि ईराने तिला हिंदीत समजावलं, जो बच्चा दूर है ना, उसके लिए.

मग बायका माझ्याकडे वळल्या. भाग चौदा, भाग चौदा. काकू म्हणाल्या, असलं सुचतं कसं गं तुला? मी नम्र चेहरा करून म्हटलं की सुचत काही नाही, खूप वाचावं लागतं. ईरा फुटाणे खात बसली होती. आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. ती मान वर न करता म्हणाली,

"बट आई, दॅट्स सत्या आंटीज बेबी. यू मेड हिम डाय."

काकूंनी पेल्यातल्या दुधाकडे पाहिलं. सत्यवतीला इंग्रजी फारसं येत नाही, पण बेबी आणि डाय कळायला कितीसं यावं लागतं? तिने ट्रे टेबलावर ठेवला, सगळे पेले नीट एका ओळीत, आणि आत गेली. मी हसून विषय बदलला. होय, हसले मी.

बायका पाचच्या सुमारास गेल्या. आत गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती, हातात फोन. घरी दोनदा लावून झालं होतं. बाबू झोपलाय असं सासूने सांगितलं होतं, तरी तिने त्याला उठवून दाखवायला लावलं होतं. ईराकडून तिने मधल्या वेळात सगळा भाग चौदा काढून घेतला होता, मोगऱ्यापासून तापापर्यंत.

मी समजावायला लागले. कहानी है, दो सौ साल पुरानी, वो औरत तुम नहीं हो. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिने विचारलं,

"फूल मेरा लिया, मॅडम, ठीक है. मेरा बाबू को कायको मारा?"

लोकांना रडायचं होतं म्हणून, हे तिला कुठल्या भाषेत सांगणार होते मी? एवढ्या पुस्तकांतून हिंडून मी शिकले होते की माणसाचं काहीही विकलं जाऊ शकतं, दात, केस, दूध. आणि वाचताना दर वेळी मी विकलेल्यांच्या बाजूने हळहळले होते. घेणाऱ्यांच्या रांगेत आपण उभ्या आहोत हे मला त्या ओट्यापाशी कळलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, उसको जिंदा करो. पुढच्या भागात, ज्या भागात जमेल त्या भागात. तिच्या गावी असं मानतात की जिवंत मुलाच्या मरणाची गोष्ट सांगितली, की ती गोष्ट मुलाला शोधत येते. मी म्हटलं, करते, इन्शाल्ला. इथे हा शब्द आपण किती कामं टाळायला वापरतो ते तिलाही ठाऊक होतं.

काहीतरी आत्ताच्या आत्ता करायला हवं होतं. पूजेच्या ताटात अक्षता उरल्या होत्या. मी वाटी आणून तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, तूही टाक, तुझ्या बाबूसाठी. तिने वाटीकडे पाहिलं.

"आप डालो. आपने मारा ना. नाम लेके डालो."

मी मूठ भरली. पूर्वेकडे, म्हणजे फ्रिजच्या बाजूला, तोंड केलं. आणि हात तसाच राहिला. मला नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं ती माझ्या घरात होती. त्याच्या आईचं दूध किती दिवसांत आटलं हे मला ठाऊक होतं, कळ्या कुठे टोचल्या ते ठाऊक होतं, मी त्याला ताप आणून मारलं होतं, आणि त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. बाबू म्हणजे त्यांच्याकडे कुणालाही म्हणतात, आपल्याकडे बाळ म्हणतात तसं. सत्यवती वाट बघत होती. तिला कळलं होतं, पण तिने आपण होऊन सांगितलं नाही. मला विचारावं लागलं.

तिने सांगितलं. मी ते नाव घेऊन चारी दिशांना अक्षता टाकल्या. दोनदा उच्चार चुकला, दोन्हीदा तिने दुरुस्त करून पुन्हा टाकायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी मिहिरला फोन केला. बाळ वाचलं असं दाखवू, निरोप चुकीचा होता, काहीही करू. तो म्हणाला, ताई, प्लीज, त्या मरणावरच तर सीरियल चाललीय. मी हट्ट धरला असता तर? करार मोडला असता, उरलेले भाग दुसऱ्या कुणी लिहिले असते. मी हट्ट धरला नाही. विसाव्या भागात दाईला स्वप्नात मूल मोठं झालेलं दिसतं, एवढं घातलं आणि सत्यवतीला सांगितलं की जिवंत केलं. ईराने बहुतेक तिला खरं सांगितलं असावं. सत्यवतीने मला काही विचारलं नाही. डिसेंबरात ती सुट्टीवर गावी गेली. परतीचं तिकीट होतं, आली नाही. मी बोलावण्याचा आग्रह केला नाही. तिची जागा भरली गेली, आता ग्रेस आहे. ग्रेसच्या दोन्ही मुलींची नावं मी पहिल्या दिवशी विचारली, इतक्या घाईने, की ती बिचारी घाबरली.

भाग चौदा अजून ॲपवर आहे. अजून मेसेज येतात. कुणीतरी कुठेतरी कपडे वाळत घालता घालता तो ऐकतं, आणि ते बाळ पुन्हा जातं. प्रशांत म्हणतो, किती दिवस मनाला लावून घेणार आहेस? खलास कर आता. त्याचं बरोबर असेल. पण श्रावणात ईराला ओवाळून झाल्यावर मी मूठभर अक्षता बाजूला ठेवते आणि ईरा न सांगता फोनवर पूर्व शोधून देते. आता तीही ते नाव घेते, तिचा उच्चार माझ्यापेक्षा बरा आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी सत्यवतीला व्हॉइस मेसेज पाठवला. पुन्हा तुझंच लिहितेय, विचारल्याशिवाय लिहिणार नाही, नाही म्हणालीस तरी चालेल. दोन दिवस काही आलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"लिखो मॅडम. मेरा नाम नहीं, उसका नाम नहीं. पर इस बार उसको बड़ा करके लिखो."

म्हणून लिहिते. सत्यवती हे तिचं नाव नाही. मुलाला सहावं वर्ष लागलंय, यंदा पहिलीत गेला. पुढचे दोन दात पडलेत. तिच्या आवाजामागे तो ऐकू येत होता, जेवायला येत नव्हता आणि कुणीतरी त्याला खऱ्या नावाने हाका मारत होतं. मी मेसेज एकदाच ऐकला आणि पुढे काही विचारलं नाही. विचारायची इच्छा मात्र फार झाली होती.